इम्प्लांटच्या आधी काय शिकावे?

पत्र:

‘सर, मी २०११ साली बी. डी. एस. पूर्ण केले आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एकटीच दवाखाना चालवते. आठवड्याला कुठल्या ना कुठल्या कोर्सची जाहिरात मोबाइलवर येते: इम्प्लांट, लेझर, अलायनर, स्माइल डिझाइन. माझ्या बॅचचे बरेच जण इम्प्लांट करू लागले आहेत. यंदा मी दीड लाख रुपये बाजूला काढले आहेत आणि तीन वीकेंडच्या एका इम्प्लांट कोर्सची आगाऊ रक्कम भरण्याची मुदत या महिनाअखेर संपते आहे. माझे रोजचे काम म्हणजे फिलिंग, रूट कॅनॉल, दात काढणे आणि कॅप. हल्ली दातरंगी कॉम्पोझिट फिलिंग केलेले काही पेशंट अन्न अडकते म्हणून परत येतात, काहींना गार लागते, हिरडीलगतची फिलिंग वर्षभरात निघून येतात. पण ते सगळ्यांकडेच होते असे मैत्रिणी म्हणतात. पाऱ्याचे फिलिंग, अमॅलगम, बंद झाले आहे का, हेही नीट कळत नाही. कौन्सिलचे निरंतर शिक्षणाचे गुण तर भरायचे आहेतच. मी कोणता कोर्स करावा? आणि माझी असिस्टंट बारावी झालेली, चुणचुणीत मुलगी आहे. तिला काय शिकवता येईल?’

उत्तर:

प्रिय डॉक्टर,

मुदत महिनाअखेरची आहे म्हणून निर्णय आधी सांगतो आणि कारणे मागून देतो. ती आगाऊ रक्कम यंदा भरू नका. इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेल्या स्क्रूवरचा दात, शिकूच नका असे माझे म्हणणे नाही. ते शिकण्याची वेळ अजून आलेली नाही एवढेच म्हणतो, आणि ती कधी येईल तेही पुढे सांगतो. अन्न अडकते, गार लागते, हिरडीलगतचे फिलिंग निघते, या तीन तक्रारी तुम्ही एका वाक्यात उरकल्या आणि ‘सगळ्यांकडेच होते’ म्हणून सोडून दिल्या. माझ्या मते तोच तुमचा पुढच्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि तो तुमच्याच पेशंटनी आखून दिलेला असल्यामुळे जाहिरातीतल्या कुठल्याही अभ्यासक्रमापेक्षा तुम्हाला नेमका लागू पडतो.

आपल्या व्यवसायात निरंतर शिक्षणाचा बाजार उलट्या क्रमाने भरतो. ज्या कामाची फी मोठी त्याचे कोर्स भरपूर, आणि जे काम रोज दिवसातून अनेकदा करायचे ते ‘येतेच की’ म्हणून गृहीत धरलेले. वास्तविक एक दाढ पुन्हा भरावी लागली तर दुसऱ्या खेपेचे पैसे मागायला आपल्याला तोंड राहत नाही, खुर्चीचा पाऊण तास जातो, साहित्य जाते, आणि त्या घरातली बाकीची माणसे गुपचूप दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढतात. हा तोटा हिशेबाच्या कुठल्याही पानावर दिसत नाही. तो दिसेल अशी वही करा, ही माझी पहिली सूचना.

साधी दोनशे पानी वही पुरे. पुढचे सहा महिने, पुन्हा करावे लागलेल्या प्रत्येक कामाची एक ओळ तीत लिहा, मग ते पहिले काम तुमचे असो वा दुसऱ्या कुणाचे: दाताचा क्रमांक, कोणता पृष्ठभाग, कोणते साहित्य, पहिले काम केव्हाचे, त्या वेळी दात कोरडा कसा ठेवला होता आणि पेशंट कशासाठी परत आला. जुने फिलिंग काढण्यापूर्वी मोबाइलवर एक फोटो घ्या आणि ते काढताना त्याखाली काय दिसले तेही लिहा. सहा महिन्यांनी त्या ओळींकडे एकदम पाहिले की ठरावीक खुणा दिसू लागतात. कुणाच्या वहीत ३६ आणि ४६ या खालच्या पहिल्या दाढांचे मागचे पृष्ठभागच पुन्हा पुन्हा येतात, कुणाकडे बिघडलेली कामे नेमकी आठवडी बाजाराच्या दिवशी, गर्दीत उरकलेली निघतात. काय शिकायचे आहे याचे इतके खरे उत्तर कुठलाही सल्लागार देऊ शकणार नाही; मीसुद्धा खाली जे लिहितो आहे तो तुमच्या पत्रावरून बांधलेला अंदाज आहे, आणि वही वेगळे सांगू लागली तर वहीचे ऐका.

आता अन्न अडकण्याची तक्रार. तुमची पिढी महाविद्यालयात दोन दातांच्या मधली पोकळी भरायला शिकली ती मुख्यतः अमॅलगमने आणि दाताभोवती गोल फिरणाऱ्या टॉफलमायरच्या पट्टीने. अमॅलगम दाबून भरावे लागते, आणि तो दाबच पट्टीला शेजारच्या दाताकडे ढकलतो, त्यामुळे दोन दातांचा स्पर्श आपोआप घट्ट होतो. कॉम्पोझिट मऊ असते, ते पट्टीला ढकलत नाही. साहित्य बदलले, पट्टी तीच राहिली, आणि नेमके तिथेच घोडे पेंड खाते: फिलिंग दिसायला सुरेख, पण शेजारच्या दाताशी स्पर्श सैल किंवा मुळीच नाही, आणि दर जेवणानंतर डाळीचे टरफल, मटणाचा धागा त्या फटीत जातो. पुढे हिरडी दुखते, हाड झिजते आणि शेजारच्या चांगल्या दाढेलाही कीड लागते. यावरचा उपाय म्हणजे सेक्शनल मॅट्रिक्स, अर्थात फक्त एका बाजूपुरती वळणदार पातळ पट्टी, पाचर आणि स्प्रिंगसारखी रिंग.

हा संच बहुतेक जण विकत घेतात आणि दोन-चार वेळा वापरून कपाटात ठेवतात, कारण तो लावण्याचा क्रम कुणी हात धरून शिकवलेला नसतो. पोकळी कोरण्याच्या आधीच दोन दातांच्या मध्ये पाचर बसवावी. त्यामुळे दात किंचित फाकतात, हिरडी खाली दबते आणि कोरण्याच्या बरपासून शेजारच्या दाताचे रक्षण होते. कोरून झाल्यावर पट्टी अशी निवडावी की तिची उंची शेजारच्या दाताच्या कडेशी जुळेल; उंच पट्टी घेतली तर कड उंच भरली जाते आणि मग ती घासताना जमलेला स्पर्शच निघून जातो. पट्टी बसली की पाचर पुन्हा लावून खालची कड हिरडीपाशी बंद करावी, मग रिंग चढवावी, आणि गोल टोकाच्या बर्निशरने पट्टी शेजारच्या दाताला आतून दाबून टेकवावी. आरशात तिरके पाहून खालच्या कोपऱ्यात फट दिसली तर पुढे जाऊच नये. आधी फक्त बाहेरची भिंत बांधावी, म्हणजे दोन दातांमधली पोकळी साध्या वरच्या पोकळीत बदलते, पट्टी काढता येते आणि उरलेले काम निवांत करता येते. शेवटी फ्लॉस घालावा. तो ‘टक्’ असा आवाज करून आत गेला पाहिजे आणि न फाटता बाहेर आला पाहिजे. ज्या कोर्समध्ये हा क्रम काढलेल्या दातांवर किंवा टायपोडॉन्टवर, म्हणजे सरावाच्या कृत्रिम जबड्यावर, तुमच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतात आणि शिक्षक प्रत्येक खेपेला स्वतः फ्लॉस घालून पाहतात, तो कोर्स तुमचा. ज्यात पडद्यावर सुंदर दाढांचे फोटो पाहत दुपार जाते, तो नाही.

गार लागण्याची कारणे एकाहून जास्त असतात, आणि त्यांतली बरीचशी बाँडिंगच्या, म्हणजे फिलिंग दाताला चिकटवण्याच्या, त्या एक-दीड मिनिटात दडलेली असतात. फॉस्फोरिक आम्ल इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरावर, अर्धा मिनिट चालते, पण त्याखालच्या डेंटिनवर १५ सेकंदांच्या पुढे गेले की नुकसान करते. आम्ल धुतल्यावर हवेने डेंटिन खडखडीत वाळवले तर त्यातले कोलॅजनचे जाळे कोसळते आणि बाँड आत शिरत नाही. आता १०-एमडीपी हा दाताला चिकटणारा घटक असलेले युनिव्हर्सल बाँड सहज मिळतात. ते वापरताना आम्ल फक्त इनॅमलच्या कडांना लावायचे आणि डेंटिनला तसेच सोडायचे, म्हणजे ही अडचण बरीच टळते. बाँड लावल्यावर तो चोळणे, आणि त्यातला द्रव उडून जाईपर्यंत, म्हणजे पृष्ठभागावरची लाट थांबेपर्यंत, हळू हवा मारणे, या दोन गोष्टी घाईत सर्वाधिक गाळल्या जातात. कंपनीने पाकिटात घातलेला माहितीचा कागद आपण न वाचता टाकून देतो. तुमच्याकडे आज जो बाँड आहे त्याचा कागद शोधून काढा आणि आपण रोज करतो ते त्याच्याशी ताडून पाहा. हेही शिक्षणच आहे, आणि फुकट आहे. चावताना फिलिंग किंचित उंच राहिले तरी गार लागते, हे मात्र विसरू नका. प्रत्येक दुखण्याचा दोष बाँडला देणे बरोबर नाही.

यातच कॉम्पोझिट कडक करणाऱ्या लाइटचा प्रश्न येतो, आणि त्याबद्दल मी जरा आग्रहाने लिहितो, कारण इतक्या स्वस्तात सुधारणारी दुसरी गोष्ट दवाखान्यात नाही. कॉम्पोझिटच्या २ मिलिमीटरच्या थराला पुरेसे कडक व्हायला दर चौरस सेंटिमीटरला साधारण १६ ज्यूल ऊर्जा लागते असे धरले जाते. लाइट तेवढ्याच जागेला ४०० मिलिवॅट देत असेल तर त्याला ४० सेकंद लागतील. तुम्ही १० सेकंद धरत असाल तर वरची साय कडक आणि तळ कच्चा राहील. शिवाय दोन दातांमधल्या खोल पोकळीत लाइटचे टोक तळापासून ६-७ मिलिमीटर दूर असते, आणि अंतराबरोबर प्रकाश झपाट्याने कमी होतो. टोकावर जुन्या बाँडचा थर साचलेला असेल किंवा टोक तिरके धरले असेल तर आणखी कमी. प्रकाश मोजणारा हातातला छोटा रेडिओमीटर तंतोतंत आकडा देत नाही, पण आपला लाइट महिन्यागणिक उतरत चालला आहे का ते त्यावर नक्की कळते. तो घ्या, पहिल्या दिवशीचा आकडा लाइटवरच चिकटपट्टीने लिहून ठेवा.

आणि रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवायचा रबरी पडदा. सॅनफर्ड बार्नम यांनी तो १८६४ साली वापरात आणला, आणि आजही आपल्याकडे तो परीक्षेपुरताच लावला जातो. पेशंटला सहन होत नाही ही सबब मला फारशी पटत नाही. ज्याला एकदा लावला तो पुढच्या वेळी पाणी घशात जात नाही म्हणून स्वतःच मागतो. रूट कॅनॉलमध्ये तर त्याला पर्याय नाही: मुळे धुण्याचे सोडियम हायपोक्लोराइट आणि ती साफ करण्याच्या बारीक फाइली यांच्यापासून घसा वाचवायचा तो त्यानेच.

हिरडीलगतची फिलिंग निघतात त्याला निम्मे कारण साहित्यात आहे आणि निम्मे दाताच्या झिजण्यात. तुमच्याकडच्या पेशंटना खरखरीत दंतमंजन, मशेरी आणि कडक ब्रश आडवा घासण्याची सवय असते, त्यामुळे मानेशी दात खाचतो आणि तिथले डेंटिन काचेसारखे गुळगुळीत, कठीण होते. अशा पृष्ठभागावर बाँड नीट धरत नाही; तो बरने हलकासा खरवडावा लागतो आणि इनॅमलची कड आम्लाने वेगळी तयार करावी लागते. शिवाय या जागी चांगले टिकणारे साहित्य म्हणून ग्लास आयोनोमरचा अनुभव फार चांगला आहे. लंडनमध्ये विल्सन आणि केंट या संशोधकांनी १९७२ साली ते पुढे आणले तेव्हापासून त्याला गरिबांचे फिलिंग समजण्याची आपली खोड आहे, पण हिरडीलगतच्या खाचांमध्ये ते दाताला रासायनिक रीतीने चिकटत असल्यामुळे निघून येण्याचे प्रमाण कमी असते. रेझिन मिसळलेले ग्लास आयोनोमर वापरून पाहा, आणि ब्रश बदलल्याखेरीज फिलिंग करू नका.

तुमच्या जिल्ह्यात राहून आणखी एक विषय टाळता येणार नाही, तो म्हणजे फ्लोरोसिस, पोटात फ्लोराइड जास्त गेल्याने दातांवर पडणारे डाग. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या पट्ट्यात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलेली गावे आहेत. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड मान्य आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतले जाते. ग्रामपंचायतीकडे पाणी तपासणीचा अहवाल असतो. आपल्याकडे पेशंट येणाऱ्या गावांचे अहवाल मागून घ्या आणि खुर्चीजवळ लावा, म्हणजे ‘टूथपेस्टमुळे डाग पडले का?’ या पालकांच्या प्रश्नाला अंदाजाने उत्तर द्यावे लागणार नाही. डाग पडतात ते दात हिरडीखाली घडत असताना, साधारण आठव्या वर्षापर्यंत. वीस वर्षांच्या तरुणीला आज पाणी बदलून डाग जाणार नाहीत, पण तिच्या धाकट्या भावाला पाणी बदलण्याचा उपयोग होईल. फ्लोराइडची पेस्ट मात्र सरसकट बंद करू नये. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, मोठ्यांच्या देखरेखीखाली, हे पालकांना ब्रशवर करून दाखवावे. उपचाराच्या बाजूने पाहिले तर फ्लोरोसिसचे इनॅमल आम्लाला दाद देत नाही, म्हणून वरचा थर किंचित घासून आम्ल जास्त वेळ ठेवावे लागते. मायक्रोअब्रेजन (डागाचा वरचा पातळ थर घासणे) आणि रेझिन इन्फिल्ट्रेशन (डागात पातळ रेझिन मुरवणे) या दोन पद्धती शिकलात तर लग्न ठरलेल्या मुलामुलींचे निरोगी दात घासून त्यांवर कॅपा बसवण्याची वेळ तुमच्यावर क्वचितच येईल. स्माइल डिझाइनच्या नावाखाली शिकायचेच असेल तर हे शिका.

यापुढचा मुद्दा हाताच्या कौशल्याचा नाही, विचाराचा आहे. तुम्ही पदवी घेतली तेव्हा कीड पूर्ण, शेवटच्या मऊ कणापर्यंत काढायची असे शिकवले जात होते. २०१५ साली बेल्जियममधल्या ल्यूव्हेन येथे या विषयातले तज्ज्ञ एकत्र बसले आणि त्यांचे म्हणणे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले: खोल किडीत, दाताची नस जिवंत आणि आपोआप ठणका नसेल तर, कडा पूर्ण स्वच्छ व टणक कराव्यात, पण नसेजवळचा मऊ थर तसाच ठेवून वरून घट्ट बंद करावे, कारण नस उघडी पडण्यापेक्षा ते बरे. वर सांगितलेले घट्ट बाँडिंग इथे कामाला येते. बंद करणे कच्चे असेल तर ही पद्धत फसते. नस उघडी पडलीच तर तिचा वरचा भाग किंवा दाढेच्या पोकळीतली सगळी नस काढून, वर एमटीए किंवा बायोडेंटिनसारखे सिमेंट घालून मुळांतली नस वाचवणे आता मोठ्यांच्या दाढांमध्येही मान्य झाले आहे. एंडोडॉन्टिक्सच्या युरोपीय संघटनेने २०१९ मध्ये आणि अमेरिकी संघटनेने २०२१ मध्ये तशी भूमिका मांडली. यामुळे तुमच्या रूट कॅनॉलची संख्या थोडी घटेल, हे मी लपवत नाही. पण ज्याची दाढ रूट कॅनॉलशिवाय वाचते तो पेशंट पुढची वीस वर्षे तुमचाच असतो.

लहान मुलांसाठी दोन गोष्टी याच कुळातल्या आहेत. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा ३८ टक्क्यांचा थेंब कीड थांबवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तो, ग्लास आयोनोमर आणि फ्लोराइड पेस्ट या तिन्ही गोष्टी आवश्यक औषधांच्या यादीत घातल्या. किडलेला भाग कायमचा काळा पडतो, एवढे पालकांना आधी फोटो दाखवून सांगावे आणि सही घ्यावी. दुसरी, स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल यांची पद्धत: दुधाच्या किडलेल्या दाढेवर भूल न देता, न कोरता, तयार स्टीलची कॅप ग्लास आयोनोमरने बसवायची. रडणारे मूल आणि दमलेली आई समोर असताना या दोन गोष्टी हाताशी असणे किती मोलाचे आहे ते तुम्हाला मी सांगायला नको.

अमॅलगमबद्दल थोडक्यात. पाऱ्यावरचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. २०२२ मधल्या दुरुस्तीनुसार दुधाचे दात, १५ वर्षांखालील मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी अमॅलगम टाळायचे आहे, दंतचिकित्सकाला खास गरज वाटली तरच अपवाद. २०२५ मध्ये जिनिव्हात झालेल्या बैठकीत २०३४ पर्यंत त्याचा वापर पूर्ण थांबवण्याचे ठरले. म्हणजे आज केलेले अमॅलगम हा गुन्हा नाही आणि तोंडातली जुनी, चांगली फिलिंग काढत बसण्याचेही कारण नाही. पण तुमच्या उरलेल्या कारकिर्दीचे मुख्य साहित्य कॉम्पोझिट आणि ग्लास आयोनोमर हेच असणार, म्हणून ते आताच पक्के करा.

आता खर्ऱ्याबद्दल. तुम्ही त्याचा उल्लेखही केला नाही, याचे मला आश्चर्य वाटले, कारण सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा तुमच्या प्रत्येक चौकात मिळतो आणि त्याचे परिणाम तुमच्या खुर्चीत बसतात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, खर्रा मात्र समोरच घोटून दिला जातो. सुपारीमुळे होणाऱ्या सबम्युकस फायब्रोसिसमध्ये तोंड उघडणे कमी होत जाते. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजून प्रत्येक नव्या पेशंटच्या कागदावर लिहा. साधारण माणसाचे ते ३५ च्या पुढे असते. ज्याचे २२ आहे त्याच्या शेवटच्या दाढेचे रूट कॅनॉल तुम्ही कितीही कोर्स केले तरी नीट होणार नाही, आणि ज्याचे गेल्या वर्षी ३० होते व यंदा २४ आहे त्याला फिलिंगपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची गरज आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले, तंबाखू-दारूचे सेवन करणाऱ्यांची नुसत्या डोळ्यांनी नियमित मुखतपासणी केल्याने त्यांच्यातले मुखकर्करोगाचे मृत्यू कमी झाले. तपासणीला लागते काय, तर चांगला प्रकाश, दोन आरसे, जिभेखाली आणि गालाच्या आत पाहण्याची सवय, आणि दोन आठवड्यांत न भरलेली जखम पुढे पाठवण्याची शिस्त. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाच्या किंवा वर्ध्याजवळच्या सावंगीच्या दंत महाविद्यालयाच्या मुखरोग विभागात ओळख काढून दर महिन्याला एक दिवस बसण्याची परवानगी मागा. त्या दिवसाचे प्रमाणपत्र मिळणार नाही, पण पंधरा-वीस संशयास्पद चट्टे शेजारी शेजारी पाहिल्याने जी नजर तयार होते ती स्लाइडवर होत नाही. तंबाखू सोडवण्याचे पाच मिनिटांचे समुपदेशन शिका आणि १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदतक्रमांक भिंतीवर लावा.

कोर्स निवडताना काय विचारावे, हे तुम्ही विचारले नाहीत तरी सांगतो. शिक्षकामागे विद्यार्थी किती, हातात दात देऊन किती तास काम करून घेतात, आणि शिक्षक स्वतःची पाच वर्षांपूर्वीची, बिघडलेली कामे दाखवतात का. फक्त कालच केलेल्या कामाचे फोटो दाखवणाऱ्याकडून फोटोग्राफी शिकावी. एखादे साहित्य बनवणारी कंपनी कोर्स घेत असेल तर जायला हरकत नाही, फी बहुधा कमी असते. फक्त तिथे ऐकलेले दुसऱ्या कंपनीच्या कोर्सला जाऊन ताडून घ्यावे. तीन वीकेंडनंतर ‘फेलो’ म्हणवून घेण्याचे आमिष असेल तर सावध राहा, कारण दंत परिषदेची मान्यता नसलेली पात्रता पाटीवर आणि लेटरहेडवर लावणे आचारसंहितेत बसत नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे फेलोशिप अभ्यासक्रम ही वेगळी गोष्ट आहे. पुढे कधी दवाखाना काही महिने बाजूला ठेवता आला तर त्यांचा विचार जरूर करा. तुमच्या दीड लाखाचे मी असे वाटे करीन: बाँडिंग आणि मॅट्रिक्सचा एक चांगला प्रत्यक्ष कोर्स, रबर डॅमचा संच, सेक्शनल मॅट्रिक्स, रेडिओमीटर, आणि उरलेल्या पैशांत अडीचपट मोठे दाखवणारे लूप्स, म्हणजे भिंगांचा चष्मा. लूप्स लावल्यावर पहिले काही दिवस आपलीच जुनी कामे पाहून वाईट वाटते, तेवढे सोसावे.

इम्प्लांटकडे वळायचे ते वही पातळ झाल्यावर, म्हणजे परत येणारी कामे कमी झाल्यावर. तेव्हाही सुरुवात शस्त्रक्रियेने करू नका. नागपूर-वर्ध्याच्या एखाद्या सर्जनकडून इम्प्लांट बसवून घ्या आणि त्यावरचा दात तुम्ही करा. चाव, हिरडीची ठेवण, स्क्रूने बसवावा की सिमेंटने, हे सगळे त्या बाजूला शिकायला मिळते, आणि इम्प्लांट कुठे चुकतात तेही तिथेच दिसते. खर्रा खाणारा, साखर ताब्यात नसलेला, हिरड्यांचा आजार न आवरलेला पेशंट नाकारता येऊ लागला की शस्त्रक्रियेच्या कोर्सला जा, आणि तोही स्वतःच्या हाताने पेशंटवर काम करू देणारा व नंतर वर्षभर मार्गदर्शन देणारा असावा.

गुणांचे म्हणाल तर ते या सगळ्याच्या ओघात भरतात. नोंदणी करण्याआधी त्या कार्यक्रमाला महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची मान्यता आहे का आणि गुण किती, हे आयोजकांकडून लेखी घ्या. इंडियन डेंटल असोसिएशनच्या जवळच्या शाखेच्या सभांनाही जात चला. व्याख्यान रटाळ निघाले तरी चहाच्या वेळी शेजारच्या तालुक्यातला कोण काय वापरतो ते कळते. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याच्या जागी आणण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत झाला आहे, तेव्हा नियमांत बदल होत राहतील. म्हणून मिळालेली सगळी प्रमाणपत्रे मूळ स्वरूपात एका फाइलमध्ये ठेवा.

तुमच्या असिस्टंटला शिकवण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यासाठी तिला बाहेर पाठवण्याची गरज नाही. बराच वेळ लाइट तीच धरत असेल, म्हणून नारिंगी ढालीतून टोकाकडे पाहत ते सरळ आणि जवळ कसे धरायचे ते तिला पहिल्या दिवशी शिकवा. नजर वळवली की हात हलतो आणि लाइट हिरडीवर पडतो. दर सोमवारी रेडिओमीटरचा आकडा तिने लिहावा, ऑटोक्लेव्हच्या प्रत्येक फेरीची पट्टी तारखेसह चिकटवावी, परत आलेल्या कामांची वहीही तिच्याच ताब्यात द्यावी, कारण ती ओळ लिहायचा तुम्ही कंटाळा कराल, ती करणार नाही. खर्रा आणि मशेरीचा प्रश्न बायका तुमच्यापेक्षा तिच्याजवळ मोकळेपणाने बोलतील. पेशंटचे दात साफ करणे किंवा त्याच्या तोंडात हत्यार चालवणे मात्र तिच्याकडे कधीही सोपवू नका. रबर डॅम लावण्याचा सराव दुपारच्या मोकळ्या वेळात दोघींनी एकमेकींच्या तोंडात करा: आधी तुम्ही तिला लावा, मग तिला तुमच्या दाढेवर क्लॅम्प बसवू द्या, म्हणजे तो कुठे टोचतो आणि पेशंटला नेमके काय सांगावे लागते ते दोघींना कळेल.